हिरडा भिडला, कोकम लढलं. जंतू मेला का?

जेवणानंतर छातीत जळजळ, पोटात कळ, करपट ढेकरा. आपल्याकडे यावरचा पहिला सल्ला डॉक्टरांचा नसतो, आजीचा असतो. आवळकाठी चघळ, आमसुलाचं सार घे, बेलाचा मुरंबा खा. गंमत अशी, की गेल्या काही दशकांत देशोदेशींच्या प्रयोगशाळांनी अशाच फळांचे अर्क पोटातल्या एका चिवट जंतूवर ओतून पाहिले आहेत. जंतूचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. जठराची सूज, अल्सर आणि काही जणांमध्ये जठराचा कर्करोग, या सगळ्यांत त्याचा हात असतो. त्याला हाकलायला अँटिबायोटिक्स लागतात आणि तीही हल्ली हमखास लागू पडत नाहीत. मग फळं पडतील का? निकाल शेवटी सांगू. तोवर एकेक किस्सा.

आम्लाला न घाबरणारा

जठरातल्या आम्लात बहुतेक जंतू टिकाव धरत नाहीत. हा पठ्ठ्या आरामात राहतो. त्याच्याकडे युरीएज नावाचं विकर असतं. त्याच्या जोरावर तो युरियापासून अमोनिया तयार करतो आणि स्वतःभोवतीचं आम्ल बोथट करून टाकतो. मग शेपट्या फिरवत जठराच्या बुळबुळीत थरात शिरतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. हीच सवय त्याला पकडूनही देते. ‘युरिया ब्रेथ टेस्ट’मध्ये खुणेचा कार्बन घातलेला युरिया प्यायला देतात. थोड्या वेळानं तोच कार्बन श्वासात सापडला, की समजायचं, स्वारी आत आहे. जगातल्या साधारण निम्म्या माणसांच्या पोटात हा जंतू असतो, असा अंदाज अनेक वर्षं दिला गेला आहे. तो बहुधा लहानपणीच घरातून मिळतो आणि बहुतेकांना जन्मभर त्याचा पत्ताही लागत नाही.

सुट्टी लागली आणि शोध लागला

अल्सर होतो तो तिखट खाण्यानं आणि काळजी करण्यानं, असं जगभरचे डॉक्टर मानत होते. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांना मात्र जठराच्या तुकड्यांत वळणदार जंतू दिसत होते. पण ते प्रयोगशाळेत वाढवायला गेलं, की काही उगवत नसे. १९८२ साली ईस्टरच्या सुट्टीमुळे काचेच्या ताटल्या नेहमीपेक्षा जास्त दिवस उबेत राहिल्या आणि त्यात जंतू उगवला. तो मुळात सावकाश वाढणारा. आधीच्या ताटल्या बिचाऱ्या घाईनं फेकल्या गेल्या होत्या!

तरी कुणाचा विश्वास बसेना. मग १९८४ मध्ये मार्शल यांनी जंतूंनी भरलेलं द्रावण स्वतःच पिऊन टाकलं. काही दिवसांत मळमळ, उलट्या आणि तोंडाला दुर्गंधी सुरू झाली. दुर्बीण घालून पाहिलं तर जठराला चांगलीच सूज. २००५ मध्ये या दोघांना नोबेल मिळालं.

हिममानवाच्या पोटात ‘आपला’ जंतू

आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेला ओत्झी हा सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा माणूस. त्याच्या जठरात शास्त्रज्ञांना याच जंतूचा डीएनए मिळाला आणि २०१६ मध्ये तो वाचूनही झाला. आजच्या युरोपीय लोकांच्या पोटातल्या जंतूंपेक्षा ओत्झीचा जंतू मध्य आणि दक्षिण आशियात आढळणाऱ्या प्रकाराला जवळचा निघाला. नातं त्याहूनही जुनं आहे. माणूस आफ्रिकेतून बाहेर पडला तेव्हाच हा जंतू त्याच्याबरोबर निघाला, असं त्याच्या जनुकांचा मागोवा घेणारे सांगतात. इतक्या जुन्या पाहुण्याला सरबत पाजून घालवायचं म्हणजे जरा अवघडच.

अँटिबायोटिकच्या मुळाशीही एक फळ

फळं विरुद्ध अँटिबायोटिक असा सामना लावण्याआधी हे ऐका. पेनिसिलिन भरपूर प्रमाणात तयार करता येईल अशी बुरशी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हवी होती. ती १९४३ मध्ये अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या पिओरिया गावी मिळाली, एका बुरसटलेल्या खरबुजावर. पुढे कारखान्यांत वापरलेले पेनिसिलिनचे बहुतेक वाण त्या खरबुजाच्या बुरशीचेच वंशज. आपल्या पिंपरीतला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली स्थापन झाला, तोही पेनिसिलिनसाठीच. आणि आज पायलोरीवर जी औषधं देतात त्यातलं अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्याच घराण्यातलं.

मग भांडण कशावरून?

नेहमीचा उपचार म्हणजे आम्ल कमी करणारी गोळी आणि जोडीला दोन अँटिबायोटिक्स. पण क्लॅरिथ्रोमायसिन या त्यातल्या हुकमी औषधाला जंतू दाद देईनासा झाला. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तातडीनं नवी औषधं हवी असलेल्या जंतूंची यादी काढली, तेव्हा क्लॅरिथ्रोमायसिन पचवणाऱ्या पायलोरीला ‘उच्च प्राधान्य’ गटात बसवलं. भारतात मेट्रोनिडाझोलचीही तीच रड आहे. जुलाब झाले, आव पडली की हीच गोळी घ्यायची, हे आपण वर्षानुवर्षं करत आलो. जंतूंना सराव झाला. त्यामुळे आता अनेक ठिकाणी बिस्मथ धरून चार औषधांचा चौदा दिवसांचा कोर्स देतात. रोज ओंजळभर गोळ्या, तोंडाला धातूसारखी कडू चव आणि बिस्मथमुळे काळी पडलेली जीभ. हे सोसताना ‘एखादं फळ खाऊन भागलं असतं तर’ असं वाटणारच.

हिरडा: उकळला तरी हरला नाही

जुन्नर, आंबेगाव, अकोल्याच्या डोंगरांत आदिवासी कुटुंबं बाळहिरडा गोळा करून वाळवतात. या फळात टॅनिन ठासून भरलेलं असतं. इंग्रजांच्या काळात कातडी कमावण्यासाठी तो जहाजं भरभरून परदेशी जायचा. इराणी संशोधकांनी २००१ मध्ये हिरड्याचा पाण्यातला अर्क पायलोरीवर वापरून पाहिला. लिटरला १२५ मिलिग्रॅम अर्कात जंतूची वाढ थांबली, १५० मिलिग्रॅममध्ये जंतू मेला. अर्क १२१ अंश सेल्सिअसला अर्धा तास वाफेत ठेवला, तरी त्याचा जोर टिकला. जास्त तीव्र अर्कानं जंतूचं ते लाडकं युरीएजही दाबलं.

टाळ्या वाजवण्याआधी एक गणित करू. क्लॅरिथ्रोमायसिनला दाद देणारा पायलोरी लिटरला पाव मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी औषधात गारद होतो. म्हणजे हिरड्याचा अर्क किमान ५०० पट जास्त लागतो. काचेच्या ताटलीत तेवढा ओतता येतो. पोटात मात्र पातळ पदार्थ तासाभरातच बरेचसे पुढे सरकतात, आणि जंतू तर बुळबुळीत थराच्या आत दडलेला.

कोकमाची पिवळी बाजू

कोकम म्हटलं की लालभडक सरबत डोळ्यांपुढे येतं. पण जंतूंशी झुंजणारं द्रव्य पिवळं आहे. कोकमाच्या सालीतल्या या द्रव्याला गार्सिनॉल म्हणतात. अमेरिकेत २००३ मध्ये गार्सिनॉलची क्लॅरिथ्रोमायसिनशी तुलना करणारा प्रयोग झाला आणि प्रयोगशाळेत त्यानं पायलोरीला मारून दाखवलं. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे, त्यामुळे कोकणी माणसाची कॉलर ताठ व्हायला हरकत नाही. अडचण एवढीच, की गार्सिनॉल पाण्यात फारसं विरघळत नाही. सोलकढीची वाटी रिचवली म्हणजे गार्सिनॉलचा डोस झाला, असं म्हणता येत नाही. सोलकढी चवीसाठी प्या. ती तेवढ्यासाठीही पुरेशी आहे.

क्रॅनबेरी मारत नाही, पाय घसरवते

फळांच्या या फौजेत माणसांवर सगळ्यात जास्त तपासलेलं फळ आपल्या मातीतलं नाही. उत्तर अमेरिकेतल्या पाणथळ जागांत वाढणारी आंबट क्रॅनबेरी ती. तिची युक्ती वेगळी आहे. पायलोरीला राहायचं तर जठराच्या अस्तराला घट्ट चिकटावं लागतं. क्रॅनबेरीतली काही द्रव्यं ही पकडच बसू देत नाहीत. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवर पाय ठरत नाही, तसं जंतूचं होतं. इस्राएली संशोधकांनी २००० साली हे प्रयोगशाळेत दाखवलं. यात जंतूला ठार मारायचा प्रयत्न नसल्यानं त्याला प्रतिकार शिकायची घाईही कमी असेल, अशी शास्त्रज्ञांना आशा आहे. अँटिबायोटिक्सच्या रडकथेत ही कल्पना भाव खाऊन जाते.

रोज अर्धा लिटर, तीन महिने

चीनच्या शानडोंग प्रांतातल्या लिंचू तालुक्यात जठराचा कर्करोग फार. तिथे १८९ जणांवर झालेली चाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला रोज २५० मिलिलिटरचे क्रॅनबेरी रसाचे दोन डबे, दुसऱ्याला तसंच दिसणारं नकली पेय, सलग ९० दिवस. शेवटी रस पिणाऱ्या ९७ पैकी १४ जणांमध्ये जंतू सापडेनासा झाला, नकली पेय पिणाऱ्या ९२ पैकी ५ जणांमध्ये. फरक खरा होता. पण ९७ मधले ८३ जण तीन महिने आंबट रस पिऊनही जिथल्या तिथे, हेही तितकंच खरं.

पुढे ५२२ जणांवर आठ आठवड्यांची मोठी चाचणी झाली. तिथेही पकड बसू न देणारी ती द्रव्यं भरपूर असलेला रस दिवसातून दोनदा घेणाऱ्यांना काहीसा फायदा दिसला. क्रॅनबेरीच्या पुडीच्या कॅप्सूल मात्र फुसक्या ठरल्या. दुकानात रंगीत डबीत मिळणाऱ्या ‘अर्क’ गोळ्या घेण्याआधी हे आठवावं.

चिलीची मुलं आणि महिनाभराचा आनंद

दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात जंतू असूनही तक्रार नसलेल्या २९५ मुलांना तीन आठवडे क्रॅनबेरीचा रस, दह्यातल्यासारखे उपकारक जिवाणू, किंवा दोन्ही दिलं. नुसता रस घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्के आणि दोन्ही घेणाऱ्यांपैकी सुमारे २३ टक्के मुलांत जंतू दिसेनासा झाला. काहीच खरं न मिळालेल्या गटात हा आकडा दीड टक्का होता. झकास! मग महिनाभर सगळं बंद ठेवून, जंतू गेलेल्या मुलांची पुन्हा तपासणी केली. त्यातल्या बहुतेकांत स्वारी परत हजर. रसानं जंतू दबला होता, गेला नव्हता.

करवंदाला क्रॅनबेरी समजू नका

केकवरच्या लाल ‘चेरी’चा पाकात मुरण्याआधीचा जन्म पुष्कळदा करवंदाचा असतो, हे बेकरीवाले जाणतात. तसंच आता ‘करवंद म्हणजे देशी क्रॅनबेरी’ असंही सांगितलं जातं. दोघांची कुळं वेगळी, द्रव्यं वेगळी. लिंचूतल्या चाचण्या क्रॅनबेरीवर झाल्या, त्यांचं श्रेय करवंदाला चिकटवता येत नाही. डोंगरची काळी मैना मे महिन्यात द्रोणातून खावी, ओठ चिकट होईपर्यंत खावी. तिला डॉक्टरकी करायला लावू नये.

बेलफळ आणि वरळीचा प्रयोग

जठराच्या जरा खाली, आतड्यात उतरू. अतिसारावर कच्च्या बेलफळाचा गर हे जुनं औषध. मुंबईत वरळीच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेतल्या संशोधकांनी त्याचा काढा करून तपासला आणि २००९ मध्ये निष्कर्ष छापले. काढ्यानं जुलाबाच्या सहा जिवाणूंपैकी एकही मेला नाही! पण ते पेशींना चिकटणं, आत घुसणं आणि त्यांची विषं, यांत काढ्यानं खोडा घातला. जिआर्डिया हा परजीवी आणि रोटाव्हायरस यांच्यावर तर त्यानं थेट मात केली.

म्हणजे ‘जंतू मेला का?’ एवढाच प्रश्न विचारला असता, तर बेलफळ नापास ठरलं असतं. क्रॅनबेरीची गंमत इथेही दिसते. फळांची ताकद मारण्यापेक्षा अडवण्यात जास्त आहे. प्रयोगशाळेत फळ तपासताना प्रश्न कोणता विचारता, यावर निकाल ठरतो.

जिरं हे फळ आहे

फोडणीत टाकतो ते जिरं, ओवा, बडीशेप आणि धणे यांना आपण बी म्हणतो. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं ही सुकी फळं. लंडनमध्ये २००५ मध्ये पंचवीस खाद्य आणि औषधी वनस्पती पाण्यात उकळून त्यांचं पाणी पायलोरीवर वापरून पाहिलं. पहिला नंबर हळदीचा आला आणि दुसरा जिऱ्याचा. आलं आणि मिरचीही वरच्या क्रमांकांत. यादी एखाद्या मराठी स्वयंपाकघरातल्या मिसळणाच्या डब्यावरून बनवली की काय, असं वाटावं. मग रोज हळद-जिऱ्याची फोडणी खाणाऱ्या आपल्या देशात हा जंतू कमी असायला हवा होता. प्रत्यक्षात भारतात तो भरपूर आहे. फोडणी आणि औषध यांत हाच फरक.

सहा मिरच्या, दहा पाकळ्या, फरक शून्य

तिखट खाऊन जंतू मरतो का, हे अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये खरंच पाहिलं गेलं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात पायलोरी असलेल्या स्वयंसेवकांना जेवणातून एके दिवशी दहा पाकळ्या ताजा लसूण, दुसऱ्या दिवशी सहा ताज्या हालापिन्यो मिरच्या, तर आणखी एके दिवशी बिस्मथच्या गोळ्या दिल्या. प्रयोगशाळेत लसूण आणि मिरची दोघांनीही जंतूला झोडपलेलं होतं. पोटात मात्र लसणानं काही केलं नाही, मिरचीनंही काही केलं नाही. बिस्मथनं जंतूला लगेच दाबलं. ताटली आणि पोट यांतला फरक इतक्या झणझणीतपणे दुसऱ्या कुणी दाखवला नसेल.

मिरचीची बाजूही ऐकून घेऊ. सिंगापूरमधल्या चिनी रहिवाशांच्या १९९५ सालच्या पाहणीत अल्सरवाले लोक इतरांपेक्षा मिरची कमी खाणारे निघाले. मिरचीनं अल्सर होतो, हा आरोप त्यामुळे बराच ढिला पडला. जंतूला मारत नसली, तरी ती गुन्हेगारही नाही.

जपानी आंबटाची करामत

जपानी माणसाच्या डब्यात भातावर एक सुरकुतलेलं, खारट-आंबट लाल फळ असतं. जर्दाळूच्या जातीतलं हे फळ म्हणजे उमे. जपानमधलं निम्म्याहून जास्त उमे एकट्या वाकायामा प्रांतात पिकतं आणि त्यावरचं संशोधनही तिथेच जोरात. कच्च्या उमेच्या अर्कातलं एक द्रव्य पायलोरीच्या शेपट्यांची हालचाल मंदावतं, असं आढळलं. पोहता येईना, तर अस्तरापर्यंत पोचणार कसा?

पुढची पायरी म्हणजे प्राण्यांवरचे प्रयोग. पायलोरीच्या अभ्यासात मंगोलियन जर्बिल नावाच्या उंदरासारख्या प्राण्याला फार मान, कारण त्याच्या जठरात या जंतूमुळे माणसासारखे विकार होतात. उमेचा आटवलेला रस प्यायलेल्या जर्बिलांच्या जठरात बिघाड कमी दिसला. पण डब्यातलं ते फळ म्हणजे उमेबोशी, उमेचं मिठात मुरवलेलं लोणचं आहे, आणि फार खारवलेलं खाणं हे स्वतःच जठराच्या कर्करोगाचा धोका वाढवतं. फळ चांगलं, मीठ घातक. आपल्या लोणच्यांनाही हेच लागू.

जंतूवर तेलाची मात्रा

ऑलिव्ह हे फळ, आणि त्याचं तेल म्हणजे फळाचाच रस. स्पेनमधल्या संशोधकांना शुद्ध ऑलिव्ह तेलातली द्रव्यं पायलोरीला मारतात असं प्रयोगशाळेत दिसलं. मग माणसांवर दोन छोट्या चाचण्या झाल्या. एकीत सुमारे २७ टक्के आणि दुसरीत सुमारे १० टक्के लोकांमधून जंतू गेला. चव आणि मळमळ सहन न झाल्यानं काही जणांनी मध्येच रामराम ठोकला. अँटिबायोटिक्सच्या कडू चवीला कंटाळलेल्यांनी याची नोंद घ्यावी.

केळं पहारा देतं

जळगावकरांनी आता सावरून बसावं. कच्च्या केळ्यानं उंदरांच्या जठरातले अल्सर आटोक्यात राहतात, हे १९८० च्या दशकात ब्रिटिश संशोधकांनी दाखवलं. केळं जंतूला हात लावत नाही, जठराचं अस्तर जाड आणि मजबूत करतं. बांगलादेशात ढाक्याला तर शिजवलेलं कच्चं केळं थेट रुग्णांना दिलं. जुलाब थांबत नसलेल्या ५ ते १२ महिन्यांच्या ६२ बाळांवरची ही चाचणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. भाताच्या पेजेत केळं घातलेल्या गटात चौथ्या दिवसापर्यंत ७८ टक्के बाळं बरी झाली, नुसत्या पेजेच्या गटात २३ टक्के. या सगळ्या यादीत माणसावर इतका लख्ख निकाल देणारं दुसरं फळ नाही. मात्र ते जंतुनाशक म्हणून जिंकलेलं नाही.

आवळ्याला त्याचं श्रेय द्या

आवळ्यानं जळजळ थांबते, हे आजीचं म्हणणं खरं का? आम्ल वर येऊन जळजळ होणाऱ्या ६८ रुग्णांवर इराणमध्ये झालेली चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. जेवणानंतर दोनदा आवळ्याच्या गोळ्या, चार आठवडे. नकली गोळ्यांपेक्षा आवळ्याच्या गटात जळजळ जास्त कमी झाली. आजी जिंकली! पण इथे एक मेख आहे. जळजळ थांबणं आणि जंतू जाणं या दोन वेगळ्या गोष्टी. तक्रार शांत झाली म्हणून तपासणी टाळली, तर जंतू आत निवांत राहतो.

फळं औषधांत लुडबुड करतात

‘फळच ते, त्यानं काय होतंय?’ असं म्हणणाऱ्यांसाठी हा किस्सा. कॅनडात १९८९ मध्ये रक्तदाबाच्या एका औषधावर मद्याचा काय परिणाम होतो, हे तपासत होते. मद्याची चव लपवायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला आणि औषधाची रक्तातली पातळी अनपेक्षितपणे चढली. करामत मद्याची नव्हती, रसाची होती. आज कितीतरी औषधांबरोबर ग्रेपफ्रूट घेऊ नका, अशी सूचना असते. ग्रेपफ्रूट हे आपल्या पपनसाचंच अपत्य. क्रॅनबेरीचंही तसंच, रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी ती जपून घ्यावी, असा इशारा ब्रिटनमध्ये २००३ मध्येच दिला गेला. अर्क म्हणजे तर फळाचा आटवलेला जोर. त्याचा फायदा आटवलेला असेल, तर त्रासही आटवलेलाच असणार.

जोडी जमली तर

मग फळांनी करायचं काय? एक वाट २००४ मधल्या एका प्रयोगानं दाखवली. रासबेरी, स्ट्रॉबेरी, ब्लूबेरी अशा फळांच्या अर्कांनी पायलोरीची वाढ तर रोखलीच, शिवाय अर्काच्या सोबतीला असताना क्लॅरिथ्रोमायसिनचा वार जास्त लागला. इस्राएलमध्ये १७७ रुग्णांना औषधांच्या जोडीला क्रॅनबेरीचा रस किंवा नकली पेय देऊन पाहिलं. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर मोठा फरक नव्हता, पण बायकांमध्ये यशाचं प्रमाण जास्त दिसलं. पुरुषांचा रस बहुधा वाया गेला! संशोधनाची दिशा मात्र हीच आहे: फळ मदतनीस, औषध मुख्य.

बावीस वर्षांचा निकाल

आता निकाल. त्यासाठी पुन्हा त्याच लिंचू तालुक्यात जाऊ. १९९५ मध्ये तिथे ३३६५ लोकांची एक चाचणी सुरू झाली. ज्यांच्यात जंतूची खूण होती, त्यांतल्या काहींना दोन आठवडे अमॉक्सिसिलिन आणि आम्ल कमी करणारं औषध दिलं. काहींना सात वर्षं लसणाच्या गोळ्या, काहींना सात वर्षं जीवनसत्त्वं. बावीस वर्षांनंतरचा हिशेब २०१९ मध्ये छापून आला. दोन आठवड्यांच्या औषधानं जठराच्या नव्या कर्करोगांचा धोका जवळपास निम्म्यावर आला होता. लसणाच्या गटात कर्करोगानं होणारे मृत्यू कमी दिसले, पण नव्या कर्करोगांच्या संख्येत ठोस फरक दिसला नाही. सात वर्षं लसूण एका बाजूला आणि चौदा दिवस गोळ्या दुसऱ्या बाजूला. पारडं कुठे झुकलं, हे सांगायला नको.

तर मंडळी…

हिरडा, कोकम, क्रॅनबेरी, बेल, जिरं, उमे. यांतलं एकही फळ आज पायलोरीवरच्या अँटिबायोटिकची जागा घेऊ शकत नाही. जंतूला अडवायची, त्याची पकड सोडवायची आणि औषधाला हात द्यायची धमक मात्र यांतल्या कितीतरींमध्ये आहे, आणि अँटिबायोटिक्स एकेक करून बोथट होत असताना ती धमक मोलाची आहे. उद्याचं एखादं औषध हिरड्याच्या टॅनिनमधून किंवा कोकमाच्या सालीतून निघालं, तर आनंदच. तोवर फळं खा, मनापासून खा, पण औषध म्हणून स्वतःच्या हातानं अर्क घेत बसू नका.

पोटाची तक्रार रेंगाळली तर डॉक्टरांना विचारून जंतूची तपासणी करून घ्या. श्वासाच्या तपासणीआधी साधारण दोन आठवडे आम्ल कमी करणाऱ्या आणि चार आठवडे अँटिबायोटिकच्या गोळ्या पोटात गेलेल्या नसाव्या लागतात, म्हणून काय काय घेता ते आधीच सांगा. च्यवनप्राश, चूर्ण, अर्क, सगळं सांगा. बिस्मथ चालू नसताना शौचाला डांबरासारखी काळी झाली, उलटीत रक्त दिसलं, कारण नसताना वजन उतरू लागलं, तर एक दिवसही थांबू नका. आणि गोळ्यांचा कोर्स सुरू केलात, की चौथ्या दिवशी बरं वाटलं तरी चौदावा दिवस गाठा. अर्धवट सोडलेल्या कोर्समधून वाचलेला जंतू पुढच्या वेळी जास्त तयारीनं येतो, आणि तेव्हा त्याला ना गोळी पुरते, ना हिरडा.